गाऊन दिलेलं उत्तर

संगीतातल्या पीएच.डी.चा विषय निघाला की दोन मतं हटकून ऐकू येतात. विद्यापीठातली माणसं म्हणतात, गाणं ही साधना आहे, संशोधन नव्हे. संशोधन करायचं असेल तर लिहा. मैफलीतली माणसं म्हणतात, विद्यापीठात पदवी मिळते, गाणं मिळत नाही. गाणं हवं असेल तर गुरूच्या घरी जा. वरवर पाहता ही दोन टोकं. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: विद्यापीठात ज्याला ज्ञान म्हणतात ते गळ्यात तयार होत नाही. हे एकमत मला मुळातच चुकीचं वाटतं. त्याचा सगळा भार ज्यांच्या घरात घराणं नाही त्या विद्यार्थ्यांवर पडतो, म्हणून ते खोडून काढणं मला आवश्यक वाटतं.

मी विरार पूर्वेला चंदनसारमध्ये राहतो. इथल्या मुलांचं संगीतशिक्षण संध्याकाळच्या क्लासात, हार्मोनियमवर अलंकार घोटत सुरू होतं. मग गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा येतात, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि चिकाटीची मुलं विशारदपर्यंत पोहोचतात. त्यांच्यापैकी एखादी मुलगी पुढे एम.ए.ला जायचं ठरवते. शेअर रिक्षाने स्टेशन, तिथून विरार लोकलने मुंबई. हा रोजचा प्रवास करून ती मुंबई विद्यापीठात पोहोचते, कारण गुरुगृही राहून वर्षानुवर्षं शिकण्याची सोय तिच्याकडे नाही. विद्यापीठाचा संगीत विभाग हेच तिच्यासाठी मोठ्या गाण्याचं दार आहे. त्या दारातच तिला सांगितलं जात असेल की तुझा गळा बाहेर ठेव आणि वही घेऊन आत ये, तर आपण तिला नेमकं काय शिकवतो आहोत?

अशी एक मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तिला डबलबारी भजनावर काम करायचं होतं. वसई-विरार पट्ट्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीहून आलेली हजारो कुटुंबं आहेत आणि त्यांच्याबरोबर डबलबारी आणि शक्ती-तुरा हे सामन्याचे गायनप्रकार इथे आले, रुजले. ज्यांनी डबलबारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन भजनी बुवा आमनेसामने बसतात, पखवाज, झांजा, हार्मोनियम आणि कोरस दोघांकडे. एका बुवाने रूपकातून पुराणातला एखादा पेच टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याला गाऊन उत्तर द्यायचं. अभंग, गौळण, शेवटी गजर. प्रतिस्पर्ध्याने नुकतीच वापरलेली चाल आपण उचलायची की मोडायची, गजराची लय कुठे वाढवायची, याचे निर्णय बुवा बसल्या जागी घेतात. या मुलीला हे निर्णय कसे होतात ते शोधायचं होतं. तिचा बेत असा होता की दोन वेगळ्या परंपरांच्या बुवांकडे शिकायचं, एकच अभंग दोन्ही रीतींनी बसवायचा, दोन्ही रूपं त्या बुवांसमोर आणि जाणत्या श्रोत्यांसमोर गायची, काय टिकलं आणि काय कोसळलं त्याची नोंद करायची. ज्या विद्यापीठात तिने हा प्रस्ताव दिला तिथे तिला सांगण्यात आलं की गाण्याचा भाग काढून टाका, श्रोत्यांना प्रश्नावली वाटा आणि टक्केवारी काढा. तो सल्ला देणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या चौकटीत गाण्याला जागाच नव्हती.

या चौकटीतून काय बाहेर पडतं ते संगीतातले प्रबंध चाळणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पहिल्या प्रकरणात संगीताची उत्पत्ती आणि सामवेद. दुसऱ्यात भरत, मतंग, शार्ङ्गदेव. मग घराण्यांचा इतिहास, कलाकारांची चरित्रं, काही मुलाखती, निष्कर्ष. सन्माननीय अपवाद आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण रोज चार तास रियाझ करणाऱ्या माणसाने लिहिलेला प्रबंध आणि ज्याने कधी तंबोरा जुळवला नाही त्याने लिहिलेला प्रबंध यांत फरक दिसू नये, ही स्थिती कुठल्याही विद्याशाखेला भूषणावह नाही. रसायनशास्त्राच्या प्रबंधातून प्रयोगशाळा वगळली तर जे उरेल तेच इथे उरतं.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद घेऊ, कारण कमकुवत युक्तिवाद पाडून काही सिद्ध होत नाही. तो ब्रिटनमधले संगीतकार जॉन क्रॉफ्ट यांनी २०१५मध्ये ‘टेम्पो’ या नियतकालिकात मांडला. रचना करणं म्हणजे संशोधन नव्हे, असंच त्यांच्या लेखाचं शीर्षक सांगत होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संशोधक जग कसं आहे ते सांगतो, संगीतकार जगात नवी गोष्ट आणतो. पहिल्याचं विधान खरं किंवा खोटं ठरू शकतं, दुसऱ्याची कृती खरी-खोटी नसते. कलाकाराला अनुदान आणि पद मिळावं म्हणून त्याच्या कृतीला संशोधनाचा वेश चढवला की कलेचंही नुकसान होतं आणि संशोधनाचंही. पियानोवादक आणि अभ्यासक इयन पेस यांनी पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की रचना आणि वादन ही संशोधन असू शकतात आणि पुष्कळदा असतातही. तो वाद युरोपच्या संदर्भातला आहे, जिथे लिहून झालेली रचना ही संगीताचं केंद्र मानली जाते. आपल्याकडे प्रश्न वेगळ्या जागी येऊन पडतो आणि क्रॉफ्ट यांची विभागणी इथे टिकत नाही.

कारण राग ही कुणा एकाने निर्माण करून जगात ठेवलेली वस्तू नाही. तो गाणाऱ्याच्या आधीपासून आहे, त्याला स्वतःचे कायदे आहेत, आणि गाणारा त्याविषयी चूक असू शकतो. दरबारी कानडा घ्या. भातखंड्यांच्या वर्गीकरणात दरबारी, अडाणा, जौनपुरी हे सगळे आसावरी थाटात येतात. गंधार, धैवत, निषाद कोमल. कागदावर स्वर जवळजवळ तेच. मग दरबारीला दरबारी काय करतं? गंधारावरचं आंदोलन, हे उत्तर प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण ते आंदोलन किती संथ, किती रुंद, ऋषभाकडून घेतलेलं की मध्यमाकडून झुकलेलं, आणि कुठल्या मर्यादेपलीकडे गेलं की राग हातचा जातो, हे लिहून कळत नाही. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त गंधार सरळ, स्थिर लावून पाहा; जौनपुरी दार ठोठावू लागते. मंद्रातला विस्तार कमी करून चलन वर न्या, लय वाढवा. अडाणा पुढे येतो. एक घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे, परिणाम पाहायचा, पुन्हा करून खात्री करायची. याला प्रयोग म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं? आणि यातून निघणारं विधान खरं किंवा खोटं ठरू शकतं. दुसरा जाणकार तेच करून पाहील आणि म्हणेल, नाही, तुमचं चुकलं.

महाराष्ट्रात हे शंभर वर्षांपूर्वी घडून गेलेलं आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं गणित मांडत होते. १९१०मध्ये त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक आलं. सनदी अधिकारी आणि न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स त्यांच्याबरोबर होते. पण गणित ताडून पाहायला गळा लागत होता, आणि तो किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा होता. खाँसाहेब स्वर लावत होते, वीणेवर दाखवत होते, त्यावरून मोजमाप चालत होतं. पुढे श्रुति-हार्मोनियमही तयार झाली, १९१६च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यावर वाद झाला, आणि देवलांची गणितं सर्वमान्य झाली नाहीत. निष्कर्ष टिकले नाहीत म्हणून ते संशोधन नव्हतं असं कुणी म्हणत नाही. मग त्या संशोधनात खाँसाहेब कोण होते? फक्त नमुना? मला तसं वाटत नाही. कुठला स्वर रागात बसतो आणि कुठला बसत नाही याचा निवाडा तेच करत होते. गणिताला प्रश्न तिथून मिळत होते.

पुढे १९६३मध्ये नझीर जैराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्रावर मोजून दाखवलं की स्वरांच्या जागा कलाकारागणिक बदलतात, एकाच सादरीकरणातही हलतात. मोजणीने इतकं सांगितलं. हा कलाकार या क्षणी हा स्वर वर का उचलतो, हे मोजणी सांगू शकली नाही. तिथून पुढचा रस्ता गाणाऱ्यालाच चालावा लागतो.

वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१मध्ये आलं. किराण्याकडे स्वराची ओढ, आग्र्याकडे लयीची, आणि जयपूरमध्ये दोन्हींचा तोल, ही त्यांची मांडणी आज कुठल्याही क्लासात सांगितली जाते. पेशाने ते चार्टर्ड अकाउंटंट होते. पण ही मांडणी त्यांनी खुर्चीत बसून केली नाही. ते किराणा, ग्वाल्हेर आणि जयपूर अशा तिन्ही रीतींचं गाणं प्रत्यक्ष शिकले होते, मोगूबाई कुर्डीकरांसमोर बसले होते. एका रीतीत मुरलेला गळा दुसऱ्या रीतीत नेताना जो अडतो, त्या अडण्यातूनच असा फरक हाती लागतो. पुस्तक हा त्या कामाचा लेखी भाग होता.

प्रभा अत्रे यांचं उदाहरण तर आणखी थेट आहे. ख्यालात सरगम गाण्यावर जुन्या मंडळींचा आक्षेप होता. सरगम म्हणजे शिकण्याची पायरी, मैफलीत ती कशाला, असं म्हटलं जाई. प्रभाताईंनी हा प्रश्न मैफलीत गाऊन सोडवायला घेतला आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताचार्य पदवीसाठी सरगमवरच प्रबंध लिहिला. त्यांचं लेखन वाचताना रेकॉर्ड ऐकावी लागते आणि रेकॉर्ड ऐकताना लेखन आठवतं. पुढे त्यांनी एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या संगीत विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. कलाकार आणि संशोधक ही दोन माणसं असावी लागतात असं मानणाऱ्यांनी या बाईंचं काय करायचं ते सांगावं.

कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. त्यात नक्कल नव्हती. बालगंधर्वांच्या पदांमध्ये शब्द कसा टाकला जातो, ताल कसा अंगावर न येता सोबत चालतो, याविषयीचं कुमारजींचं आकलन त्यांनी स्वतःच्या गळ्यातून मांडलं. ऐकणारा म्हणू शकतो की मला हे असं दिसत नाही. म्हणजे वादाला जागा आहे. ज्याच्याशी वाद घालता येतो ते विधानच असतं, मग ते लिहिलेलं असो वा गायलेलं.

आणि हे सगळं विद्यापीठाबाहेरच शक्य होतं असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाचीच गोष्ट. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे संगीत केंद्र सुरू झालं, आणि १९८३पर्यंत अशोक दा. रानडे यांनी ते चालवलं. रानडे गजाननराव जोशी आणि बी. आर. देवधरांसारख्या गुरूंकडे शिकलेले गायक होते, आवाज-जोपासनेचे शिक्षक होते, आणि १९७५मध्ये ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिणारे अभ्यासकही होते. ‘बैठकीची लावणी’ किंवा ‘देवगाणी’ यांसारख्या त्यांच्या कार्यक्रमांत निवेदन आणि गाणं एकमेकांना तपासत चालायचं. फडावरच्या लावणीपेक्षा बैठकीच्या लावणीची लय, शब्दफेक, अदा वेगळी का, हे ते सांगत आणि लगेच गाऊन घेत. सांगितलेलं गाण्यात सापडलं नाही तर श्रोत्याला ते तिथल्या तिथे कळणार होतं. युरोपात गेंटमध्ये कलाकारांच्या संशोधनासाठी ऑर्फियस संस्था १९९६मध्ये उभी राहिली. मुंबईत त्याआधी पाव शतक असं मन असलेला माणूस काम करत होता. आपल्या विद्यापीठांनी त्या कामाला स्मरणिकेत जागा दिली. प्रबंधाच्या नियमात ती मिळाली नाही.

इथे मला माझ्याच बाजूच्या काही मित्रांशीही भांडायचं आहे. कलाकाराची प्रत्येक मैफल संशोधन आहे आणि विद्यापीठाने ती तशी मोजावी, असं ते म्हणतात. मला हे मान्य नाही. उत्तम मैफल उत्तम मैफल असते. तिला दुसऱ्या कुठल्या प्रतिष्ठेची गरज नाही. एखाद्या गायिकेने यमन अविस्मरणीय गायला म्हणून तिने यमनाविषयी नवं काही शोधलं असं होत नाही. संशोधन म्हणायचं तर गाण्याआधी प्रश्न हवा, आणि तो असा हवा की ज्याचं उत्तर गायल्याशिवाय मिळणार नाही. करून पाहिलेल्या वाटांचं ध्वनिमुद्रण हवं, फसलेल्या वाटांचंही. हे अवघड आहे, कारण फसलेला गंधार जपून ठेवायला कलाकाराचं मन तयार होत नाही. आणि दुसरा गायक ते मुद्रण ऐकून, टिपण वाचून, स्वतः गाऊन पडताळू शकेल इतकं स्पष्ट सगळं मांडलेलं हवं. लेखन कमी करा असं माझं म्हणणं नाही. लेखनाने गाण्याचा पाठपुरावा करावा, एवढंच. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत कलाकारांच्या डॉक्टरेटसाठी मैफलींची मालिका आणि लेखी भाग दोन्ही तपासले जातात. तिथे कुणाला गाणं सोपा मार्ग वाटत नाही.

यावर आक्षेप येतो की गाणं तपासणार कोण, आवडनिवड आडवी येईल. येईल. पण लेखी प्रबंध तपासताना ती येत नाही का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्रबंधाची वाङ्मयचौर्य-तपासणी होते. ते सॉफ्टवेअर उचललेलं वाक्य पकडतं; उचललेली तान, दुसऱ्याची बंदिश स्वतःच्या नावावर खपवणं, ते पकडू शकत नाही. ती चोरी फक्त मुरलेला कान पकडतो. म्हणजे आज तपासणीच्या मंडळावर असा कान नसेल तर संगीतातल्या प्रबंधाची तपासणी अर्धीच होते आहे.

आता मैफलीतल्या मंडळींकडे. विद्यापीठात कलाकार घडत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. भातखंड्यांनी १९२६मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू केलं, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते पुढे चालवलं, आणि त्यांच्या हाताखाली के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर तयार झाले. गिंड्यांच्या बंदिशींचा साठा मुंबईतल्या दोन पिढ्यांनी वापरला. संस्थेत गुरू असला की संस्थेत गाणं असतं. आज अनेक विभागांत ते क्षीण झालं असेल, तर त्याचं एक मोठं कारण हेच की शिक्षकाच्या बढतीसाठी छापील शोधनिबंध मोजले जातात आणि त्याने वर्षभर विद्यार्थ्यांसमोर जे गाऊन उलगडलं त्याला बढतीच्या हिशेबात फारसं स्थान नसतं. मैफलीतल्या लोकांनी विद्यापीठाकडे पाठ फिरवून ही स्थिती बदलणार नाही. त्यांनी परीक्षक म्हणून आत यावं, आणि विद्यापीठांनी त्यांना मानाने बोलवावं.

आमच्या पालघर जिल्ह्यात हा प्रश्न आणखी एका ठिकाणी बोचतो. चंदनसारहून उत्तरेला, डहाणू-जव्हारकडे गेलं की तारपा भेटतो: सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचं कर्ण्यासारखं तोंड, सांधे मेणाने बुजवलेले. वादक मधोमध, वारली नाचणारे त्याच्याभोवती, आणि वादक चाल बदलतो तसा पायांचा ठेका बदलतो. श्वास न तोडता वाजवत राहायचं, नाचणाऱ्यांची दमछाक पाहायची, चाल केव्हा फिरवायची ते ठरवायचं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घरात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. तारप्यावर प्रबंध लिहिणारा माणूस अशा वादकाकडे रेकॉर्डर घेऊन जातो, प्रश्न विचारतो, परत येतो, डॉक्टर होतो. वादकाचं नाव ऋणनिर्देशात येतं. चाल आणि पावलं यांचं नातं ज्याने शोधलं, सांभाळलं, बदललं, तो माहिती पुरवणारा. ज्याने ते लिहून काढलं तो संशोधक. वादन हे संशोधनात धरायचं नाही, या एका नियमामुळे ही वाटणी अशी पडते. वारली घरातला एखादा तरुण उद्या स्वतः तारपा वाजवत संगीत किंवा लोककला विभागात आला, आणि आपल्या आजोबांच्या चाली व स्वतःच्या चाली शेजारी ठेवून त्यांतला बदल वाजवून दाखवू म्हणाला, तर त्यालाही आपण आधी प्रश्नावली देणार आहोत का?

नियमांचा अडथळा आहे असं सांगणाऱ्यांनी आयोगाचेच नियम पुन्हा वाचावेत. २०१८च्या अध्यापक-पात्रतेच्या नियमांत संगीतासाठी एक स्वतंत्र वाट आहे. पदवीधर व्यावसायिक किंवा पारंपरिक कलाकार, नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा, आणि आपला विषय तर्कशुद्धपणे उलगडून सांगू शकणारा असेल तर तो सहायक प्राध्यापक होऊ शकतो. म्हणजे गाण्यात ज्ञान आहे आणि ते तर्काने मांडता येतं, हे आयोगाने नेमणुकीपुरतं मान्य केलेलं आहे. त्या प्राध्यापकाकडे शिकणाऱ्या विद्यार्थिनीने तेच ज्ञान प्रबंधात गाऊन मांडलं तर ते नाकारायला कुठला आधार उरतो? विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने एवढा ठराव करावा: संगीतातल्या प्रबंधाबरोबर ध्वनिमुद्रित सादरीकरण हा तपासणीचा भाग म्हणून स्वीकारला जाईल, बाहेरच्या परीक्षकांपैकी एक तरी कार्यरत कलाकार असेल, आणि मौखिक परीक्षा जशी खुली असते तशीच उमेदवाराने आपला मुद्दा गाऊन वा वाजवून सिद्ध करण्याची बैठकही खुली असेल. डबलबारीवर काम करू पाहणाऱ्या त्या मुलीच्या बैठकीला दोन्ही बुवा समोर बसलेले असावेत, आणि तिचं चुकलं तर त्यांनी तिथेच तिला गाऊन अडवावं.